पाणी कुठे मुरते?

मोटारीच्या तळाचा पत्रा, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ‘फ्लोअर’, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्याशा जाडीवर चार-पाच माणसांच्या सीट, त्यांचे पट्टे आणि त्यांचा गाडीवरचा विश्वास उभा असतो. कारखान्यात या पत्र्याची बडदास्त चांगली राखली जाते. सगळा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात. खालून दगड-चिखल सोसणारे जाड लेपण येते, वरून आवाज दाबणारे डांबरी तक्ते, त्यावर नमदा आणि त्यावर कार्पेट. इथे कारखान्याचे काम संपते आणि मालकाचे सुरू होते. कार्पेट मळू नये म्हणून मालक त्यावर रबरी मॅट टाकतो. मॅट मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक महागडी मॅट येते आणि पावसाळ्यात तिच्यावर कालचे वर्तमानपत्र. या उतरंडीतले सर्वांत वरचे वर्तमानपत्र रोज बदलले जाते. सर्वांत खालचा पत्रा मात्र दहा-दहा वर्षे कुणाच्या नजरेला पडत नाही. गंजाला याहून अधिक काही नको असते.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने गंजाला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढेच लागते. त्यात मीठ मिळाले तर काम झपाट्याने होते, कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज हा मुळात विजेचाच व्यवहार आहे. केंब्रिजचे संशोधक यू. आर. एव्हान्स यांनी लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवून दिले. थेंबाच्या मध्यभागी, जिथे हवा सर्वांत कमी पोहोचते, तिथे लोखंड झिजत गेले. तांबूस गंज मात्र त्याच्याभोवती कड्यासारखा जमला. म्हणजे एका थेंबातदेखील गुन्हा एकीकडे घडतो आणि पुरावा दुसरीकडे सापडतो. सबंध मोटारीत हे अंतर पाच-सात फुटांवर जाते.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, आणि दर पावसानंतर तो वाऱ्या-उन्हाने सुकतोही. जमिनीत गाडलेल्या, ओल धरणाऱ्या भागावर मात्र गंज चढलेला आढळला. मोटारीचा फ्लोअर सगळाच त्या गाडलेल्या भागाच्या जातीचा. शिवाय फॉस्फरसची कृपा नाही आणि अंगावर ओला नमदा पांघरलेला.

रोगाची पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. सकाळी दार उघडले की कुबट वास येतो. त्यावर सर्वत्र एकच उपाय केला जातो, आरशाला सुगंधी डबी टांगण्याचा. काही दिवसांनी कुबट मोगरा असा संमिश्र वास येऊ लागला की दुसरी डबी येते. मग काचांवर आतून दव साचू लागते. मग मागे बसणाऱ्या आजोबांचे मोजे ओले होतात आणि आजोबांकडे संशयाने पाहिले जाते. शेवटी वॉशिंग सेंटरवरचा पोऱ्या मॅट उचलतो आणि हाक मारतो, “साहेब, जरा इकडे बघा!”

यानंतर मतांचा पाऊस पडतो. ज्याचा त्याचा संशय दुसऱ्याच्या खात्यावर, हा या क्षेत्रातला पक्का नियम आहे. एसीवाला दाराच्या रबराकडे बोट दाखवतो. रबर विकणारा काचेकडे आणि काच बसवणारा एसीकडे. डेंटर कुणाकडेच बोट दाखवत नाही. तो भोकात बोट घालून पाहतो आणि म्हणतो, “पॅच मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” जुना जाणता फोरमन तेवढा तात्त्विक पातळीवर जातो: “पावसाळा आहे, थोडं व्हायचंच.” खर्च मान्य होतो, पॅच बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात पॅचच्या शेजारी नवे भोक पडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार. गंज फ्लोअरवर दिसतो म्हणून दोष फ्लोअरचा असतो असे नाही. पाणी वरून कुठून तरी आत शिरते आणि उतार मिळेल तसे सरकत सर्वांत खालच्या खळग्यात जाऊन बसते. सोसायटीत गाडी मागची बाजू उताराकडे ठेवून लावली जात असेल, तर पुढच्या काचेतून शिरलेले पाणी मागच्या सीटच्या पायाशी सापडते.

तपासाची खरी सुरुवात कार्पेट उचलण्यापासून होते आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. कार्पेट पुरते काढायचे तर पुढच्या सीट काढाव्या लागतात, सीट काढायच्या तर बोल्ट सुटावे लागतात आणि बोल्ट गंजलेले असतात. हल्लीच्या गाड्यांत सीटखालून एअरबॅगच्या वायरी जातात, त्यामुळे आधी बॅटरी सोडवणे आले. निदान दाराजवळची प्लॅस्टिकची पट्टी उचकटून कार्पेटची कड वर करता येते. तळवा आत घालून नमदा दाबला की सत्य हाताला लागते. वरून ठणठणीत कोरडे कार्पेट आणि खालून पाणी सोडणारा नमदा ही जोडी सर्रास आढळते. नमदा एकदा भिजला की बंद गाडीत आठवडेच्या आठवडे ओला राहतो. दिवाळीला सापडलेले पाणी बहुधा गणपतीतले असते.

मग टेस्टरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहायचा. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा. बद्द आवाज आला, किंवा टोकाने खरवडताच खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटू लागले, तर पत्रा आतून गेलेला. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून सडणारा पत्रा आधी फुगतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात या फुगलेल्या भागावर बुक्की मारून ‘जुना माल, जाड पत्रा’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. बुक्की ते जपून मारतात. शंका असेल तिथे लोहचुंबक फिरवावा. जाड पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही आणि विक्रेत्याच्या बोलण्यालाही जरा खीळ बसते.

गंज आतून बाहेर गेला की बाहेरून आत आला, हा त्यापुढचा प्रश्न. आतून सुरू झालेला गंज डांबरी तक्त्यांच्या कडेने, सीटच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात, तळाच्या भोकांतल्या रबरी बुचांच्या भोवती फोड आणतो, आणि खालचे लेपण मात्र शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट दिसते. बाहेरून आलेला गंज जॅक लावण्याच्या जागेभोवती, पत्रा दुमडलेल्या शिवणीत आणि स्पीडब्रेकरने खरवडलेल्या पट्ट्यात सापडतो, आणि आतला रंग तोवर नव्यासारखा चमकत असतो. आरपार भोक पडले असेल तर ज्या बाजूला सडका घेर मोठा, त्या बाजूने सुरुवात झाली असे बहुतेक वेळा धरता येते.

बाहेरून येणाऱ्या गंजाची कारणे फारशी गूढ नसतात. थंड देशांत रस्त्यावरचे बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते गाड्यांचे तळ खाते. कोकणात ही सोय समुद्र फुकटात करतो. त्याला मदत म्हणून अलिबाग-दापोलीच्या पुळणीवर गाडी घालून लाटांसोबत फोटो काढले जातात. फोटोत गाडीची वरची बाजू येते, खालची येत नाही. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंचा तर प्रश्नच वेगळा: बर्फ, मीठ आणि पाणी यांचे मिश्रण दिवसभर तळावर झिरपत असते. यात मालक कारणाचा शोध घेत नाही. तो दर दोन-तीन वर्षांनी पत्रा बदलतो आणि त्याचे बरोबर आहे.

आतून येणाऱ्या पाण्याचा पहिला संशयित एसी, विशेषतः उन्हाळ्यात, आकाशात ढगाचा ठिपका नसताना डाव्या बाजूचे पुढचे कार्पेट भिजले तर. एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन उतरते. दमट हवेत एका प्रवासात लिटरभर पाणी सहज निघते. ते एका बारीक नळीवाटे गाडीखाली पडते आणि तेच पाहून ‘तुमची गाडी गळतेय’ अशी बातमी सिग्नलवरचे लोक कळकळीने देतात. काळजी करायची ती हे पाणी पडेनासे झाले की. नळीत धूळ आणि शेवाळ साचते, कधी तोंडाशी कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, आणि उतरलेले पाणी डॅशबोर्डच्या पोटात तुंबून वळणावर खळखळते. मग एखाद्या घाटात ते डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायावर उतरते. ही नळी खालून वाकड्या तारेने हलकेच मोकळी करायला फार वेळ लागत नाही. तारेचा जोर जास्त झाला तर मात्र नळीच निसटते आणि मग कायमची सोय होते.

ओल दिसली म्हणजे ती पाण्याचीच असते असे नाही. ओल चिकट, हिरवी वा गुलाबी असेल, वास गोडसर येत असेल आणि काचेवर पुसता न येणारी तेलकट साय धरत असेल, तर तो हीटरच्या जाळीतून गळणारा कूलंट. ज्यांनी मुंबईत आयुष्यात हीटर लावला नाही, त्यांच्याही गाडीत हीटर असतो आणि तो गळतोही. ड्रायव्हरच्या पायाशी, नेमका क्लचच्या पेडलखाली रंग सुटून पत्रा उघडा पडला असेल तर क्लचच्या सिलिंडरमधून झिरपणारा द्रव तपासावा. ब्रेकचे आणि क्लचचे तेल रंग खाते आणि हवेतली ओल शोषते, असा त्याचा दुहेरी पराक्रम. ‘तेल लागलंय, म्हणजे गंजणार नाही’ या समजुतीवर अनेक फ्लोअर गेले. आणि डिकीतल्या खळग्यात, जिथे स्टेपनी झोपलेली असते, तिथे लालसर डागाभोवती गंज दिसला तर मालवणहून आणलेल्या आगळाची चौकशी करावी. कोकमाची आंबट धार आणि त्यात घातलेले मीठ एकत्र आले की पत्र्याला समुद्रावर जायची गरज राहत नाही. बाटलीचे बूच घट्ट होते, असे घरोघरी शपथेवर सांगितले जाते.

पावसाच्या पाण्याच्या वाटा अधिक. पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली, जाळीने झाकलेली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळलेले पाणी तिच्यात उतरून दोन्ही टोकांच्या भोकांतून बाहेर पडावे अशी योजना. गाडी सावलीत लावण्याचा सर्वांना हव्यास आणि सावली झाडाची असते. गुलमोहराची बारीक पाने जाळीतून आत जातात, कुजतात, त्यांचा काला होतो आणि भोके बुजतात. काही गाड्यांत या पन्हळीत रोपे उगवलेली सापडली आहेत. पिंपळाच्या रोपाला तर कुणी हात लावायला धजत नाही. पाण्याची पातळी वाढली की ती हवा आत घेणाऱ्या तोंडापर्यंत पोहोचते आणि तिथून थेट पायाशी. उन्हापासून रंग वाचवण्यासाठी निवडलेली जागा अशी पत्र्याच्या मुळावर येते.

दारांची गोष्ट आणखी मजेची. दाराच्या आत पाणी जाणे हा बिघाड नाही. खिडकीच्या काचेवरून ते आत जाणारच, आणि दाराच्या बुडाच्या फटींतून बाहेर पडणारच. पाणी गाडीच्या खोलीत येऊ नये म्हणून आतल्या पॅनलमागे प्लॅस्टिकचा एक पडदा डिंकाने चिकटवलेला असतो. स्पीकर बदलणारा कारागीर हा पडदा प्रथम फाडतो आणि मग ‘हे काय कामाचं नाही’ असे म्हणून कोपऱ्यात टाकतो. गाणी उत्तम ऐकू येतात. पाणी पॅनलच्या मागून मुकाट फ्लोअरवर उतरू लागते आणि त्याचा संबंध स्पीकरशी कुणी जोडत नाही, कारण मधे दोन पावसाळे गेलेले असतात. बुडाच्या फटी चिखलाने बंद असतील तर दार हलवल्यावर आत पाणी डचमळताना ऐकू येते.

तिसरी वाट वायरिंगवाल्याची. बॉनेट आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून वायरींचा जुडगा रबरी बुचातून आत येतो. बारा आवाजांचा हॉर्न, धुक्याचे दिवे, चोर पकडणारे यंत्र अशी एकेक हौस पुरवताना त्या बुचाला चाकूने चीर दिली जाते. वायर आत येताना वरून खाली येत असेल तर थेंब तिच्यावरून ओळीने आत येतात. जाणता कारागीर वायरीला बुचाबाहेर खाली झोका देऊन मग वर घेतो, म्हणजे थेंब झोक्याच्या टोकाशीच गळून पडतो. हा झोका दिलेली गाडी दिसली तर त्या कारागिराचा नंबर घेऊन ठेवावा. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या, मागच्या दिव्यांची रबरे, बदललेल्या काचेचा अपुरा गोंद, अपघातानंतर जोडलेल्या पत्र्याची सुटलेली शिवण यांची तपासणीही याच ओघात करावी.

नेमकी वाट पकडण्यासाठी पाइपाची चाचणी करतात. कार्पेट काढून, पत्रा कोरडा करून, आतल्या संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर. पाण्याचा जोर कमी ठेवायचा आणि सुरुवात खालून करायची: आधी दाराचा तळ, मग दार, मग काचेची कड, मग पन्हळ, सर्वांत शेवटी टप. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच संशयितांवरून वाहत येते आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. पावडरीवर पहिली ओली रेघ उमटली की तिच्या मागावर वर जायचे. शास्त्र एवढेच. व्यवहारात मात्र पाइप सुरू होताच सोसायटीतले चार जण जमतात आणि ‘टपावरून मारा, टपावरून’ असा पुकारा होतो. पाठोपाठ सेक्रेटरी येऊन पाणीकपातीची नोटीस दाखवतात. तेव्हा चाचणी बादली-मगावर आणावी. वेळ लागतो, निकाल तोच मिळतो. दाराच्या रबरासाठी पाणीसुद्धा नको. दहाची नोट दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. सहज सुटली तर रबर दबून गेलेले. फाटली तर रबर चांगले.

काही गाड्यांत मात्र वाट शोधण्यात अर्थ नसतो, कारण पाणी सगळीकडूनच आलेले असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा, असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नवा सुगंध घेऊन विकायला येते, हा दर पुरानंतरचा अनुभव. अशा वेळी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. रोज वापरात न येणाऱ्या टोकावर चिखलाची रेघ टिकून असते. सीटचे रूळ, डॅशबोर्डखालचे कंस आणि दिव्यांच्या आतल्या वाट्या यांवर एकाच उंचीपर्यंत गंज वा गाळ दिसला तर निदान पूर्ण झाले. गाडीत डब्यांचा सुगंध जितका जास्त, तितका बेल्ट अधिक लांब ओढावा.

कारण सापडून बंद झाल्यावरच दुरुस्तीला हात घालायचा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, गंज रूपांतरित करणारे रसायन लावून, त्यावर जस्ताचा प्रायमर आणि रंग देता येतो. जस्त इथे स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. सडलेला पत्रा चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापावा लागतो आणि त्या मापाचा नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने दुसऱ्या बाजूचे लेपण जळते, म्हणून रंग आणि लेपण दोन्हीकडून द्यावे लागते. गॅरेजांत मात्र सडक्या पत्र्यावरच दुसरा पत्रा रिव्हेटने ठोकून, कडेने एम-सील थापून, वरून डांबर फासण्याची रीत लोकप्रिय आहे. गाडी १५ वर्षांची होऊन पुन्हा नोंदणीला निघाली की तळाला असा काळा कुळकुळीत साज हमखास चढतो. दोन पत्र्यांच्या मधे ओल कोंडते आणि काम डांबराखाली निवांत चालू राहते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींनी या कलेची परमावधी गाठली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. त्यांतल्या कित्येकींच्या तळात मूळ पत्रा किती आणि जोडलेला किती, हे ठरवणे अवघड होते. मागे बसणाऱ्याला क्वचित पायाखालून धावता रस्ता दिसे. पाणी शिरले तरी साचत नसे, एवढा एक फायदा होता.

पुन्हा दुरुस्तीकडे. फ्लोअरमध्ये पाणी बाहेर पडण्याची भोके आणि त्यांची रबरी बुचे असतात. वेल्डिंगच्या वेळी काढलेली बुचे परत बसवायची असतात. ती बहुधा डेंटरच्या खिशात घरी जातात आणि गाडी पहिल्याच डबक्यातून खालून पाणी पिते. शिवणीत सीलर भरून, रंग वाळवून, नमदा उन्हात कडकडीत सुकवून (तो कुजला असेल तर नवा आणून) पाइपाची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी लागते आणि मगच कार्पेट बसवावे लागते. गाडी न्यायची घाई असल्याने ही शेवटची चाचणी साधारणपणे जून महिन्यावर सोपवली जाते.